वायकिंग मेटलमध्ये वायकिंग किती?

मंडळी, नमस्कार. मागच्या वेळी इथे नाट्यसंगीतावर व्याख्यान होतं, तेव्हा खुर्च्या कमी पडल्या होत्या म्हणे. आज व्यवस्थित पुरल्यात. शेवटच्या रांगेत काळे टी-शर्ट घातलेले तिघे दिसतायत, ते माझ्या चुका काढायला आलेत. पुढच्या रांगेतल्या काकू बहुधा प्रवासवर्णन समजून आल्यात. बसा काकू, बोटी आहेत यात.

पत्रिकेत विषय छापलाय, 'वायकिंग मेटलमध्ये वायकिंग किती?' वायकिंग म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचे उत्तर युरोपातले दर्यावर्दी लढवय्ये, आणि वायकिंग मेटल म्हणजे त्यांच्यावर गाणारं हेवी मेटल, दणदणीत गिटारांचं रॉक संगीत. त्याच्याकडे येतोच. आधी हे मी पहिल्यांदा कसं ऐकलं, तेवढं दोन मिनिटांत सांगतो.

साल 1994. पुण्यात इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर होतो. जुलै महिना, वर पत्रे. एका सीनियरने कॅसेट दिली. साठची, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. कव्हर नाही, चित्र नाही, नुसतं बॉलपेनने खरडलेलं नाव, तेही पाणी लागून पसरलेलं. रूममेटने दिव्याखाली धरून वाचलं, 'बाथरूम'. तो बँड होता बाथरी, स्टॉकहोमचा. अल्बम 'हॅमरहार्ट', 1990 सालचा. पण आमच्या मजल्यावर ती कॅसेट शेवटपर्यंत 'बाथरूमची कॅसेट' म्हणूनच फिरली.

टेप लावला. काही नाही. नुसता सों-सों आवाज. मला वाटलं, हेड खराब झालं. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं, रिवाइंड केलं, पुन्हा लावलं. पुन्हा सों-सों. रूममेट म्हणाला, अरे, बाहेरचा पाऊस ऐकतोयस तू. म्हणून खिडकी लावली. पत्र्याला खिडकी लावून काय होणार? तेवढ्यात त्या आवाजातून गिटार वर आली, एकेक स्वर, काही घाई नाही, आणि लक्षात आलं की हा समुद्र आहे. गाण्यातलाच आहे. पहिलं गाणं, 'शोर्स इन फ्लेम्स', अकरा मिनिटांचं आहे आणि ते लाटांपासून सुरू होतं. तोवर मेटल म्हणजे पहिल्या सेकंदाला कानफटात बसायला हवी, अशी माझी समजूत. इथे हा माणूस आधी बोट पाण्यात ढकलत होता.

मग तो गायला लागला. बाथरीचा हा गायक, क्वॉर्थन त्याचं टोपणनाव. आधीच्या अल्बमांत तो घसा खरवडून ओरडायचा, या अल्बमवर मोकळ्या गळ्याने गातो. आणि मंडळी, कणसुरा गातो. मागच्या रांगेतून मान हलली, म्हणजे मान्य आहे. गणपतीला ती कॅसेट घरी साताऱ्याला नेली. आमचे बाबा पेटी वाजवायचे. माझं काहीही त्यांनी कधी पूर्ण ऐकलं नव्हतं, पण ही अख्खी पहिली बाजू ऐकली. म्हणाले, "षड्ज सापडत नाहीये बिचाऱ्याला. पण शोधतोय मनापासून." पुढे या अल्बमवर मी पुष्कळ वाचलं. याहून नेमकं कोणी लिहिलेलं मला अजून सापडलेलं नाही.

आता माझी तक्रार. चौथं गाणं आहे 'फादर टू सन'. बापाने मुलाला सांगितलेलं. ते सुरू होऊन मिनिटभर झालं की तीस मिनिटं संपायची. बाप तोंड उघडणार, आणि खट्! बटण वर. आमच्या सीनियरने पलटवलेल्या बाजूवर थेट पाचवं गाणं भरलं होतं. नव्वदची कॅसेट तेव्हा जरा महाग होती, मान्य आहे. पण बापाचं बोलणं तोडून कोणी पैसे वाचवतं का? जून 2004 मध्ये क्वॉर्थन गेला, स्टॉकहोमच्या आपल्या घरी, हृदयविकाराने, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. बातमी वाचली आणि जाऊन सीडी घेतली. तेव्हा ते गाणं मी पहिल्यांदा पुरं ऐकलं. बाप काय म्हणतो ते सांगत नाही. मी दहा वर्षं थांबलो, तुम्हाला सहा-साडेसहा मिनिटं लागतील.

कव्हरही तेव्हाच पाहिलं. जळती बोट समुद्रात लोटणारे वायकिंग. फ्रँक डिक्सी या इंग्लिश चित्रकाराचं चित्र, 1893 सालचं. आणि इथेच आपला विषय...

(चिठ्ठी आली. "दहा मिनिटे." बरं.)

आपला विषय सुरू होतो. भराभर सांगतो. कव्हरवरचा वायकिंग एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याआधीच्या 'ब्लड फायर डेथ'वर, 1988 मध्ये, वायकिंगांचा मुख्य देव ओडिन, त्याच्या आकाशातल्या स्वारीचं चित्र आहे. ते नॉर्वेच्या पेटर निकोलाई आर्बोचं, 1872 चं. वायकिंगांच्या डोक्यावर दाखवतात ते शिंगांचं शिरस्त्राण तर जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी 1876 मध्ये डोप्लर नावाच्या वेशभूषाकाराने लोकप्रिय केलं. नॉर्वेत यर्मुंडबूला 1943 मध्ये खरं शिरस्त्राण सापडलं, त्याला शिंगं नाहीत. जळती बोट म्हणाल, तर इब्न फदलान या अरब प्रवाशाने 922 मध्ये रशियातल्या व्होल्गाकाठी असा अंत्यविधी डोळ्यांनी पाहिला, पण ती बोट आधी जमिनीवर ओढून घेतली होती. कव्हर सांगतं तसं नव्हे.

मग संगीतात तरी वायकिंग किती? खरं सांगायचं तर त्यांचं संगीत जवळजवळ काहीच उरलेलं नाही. उरलीये ती एक निंदा. अल-तर्तुशी नावाचा प्रवासी स्पेनमधून साधारण 965 च्या सुमारास हेडेबी या डॅनिश बंदरात गेला. तिथलं गाणं ऐकून त्याने लिहिलं की याहून वाईट गाणं मी ऐकलेलं नाही, घशातून निघणारी गुरगुर, कुत्र्यांच्या भुंकण्यासारखी, त्याहूनही रानटी. म्हणजे बघा, क्वॉर्थन घसा खरवडून ओरडत होता तेव्हा तो तर्तुशीच्या वायकिंगांच्या जवळ होता. वायकिंगांवर गायचं ठरवून नीट गायला लागला आणि लांब गेला!

मला ही फसवणूक वाटत नाही. आधी तो सैतानावर गाणी करायचा. मग त्याला कळलं की सैतान हाही शेवटी चर्चच्याच घरचा. चर्चच्या बाहेर पडायचं तर चर्चच्या आधीचं काहीतरी हवं, आणि त्याच्या हाताशी होती ती ही चित्रं. त्याने केलेला खरा बदल गतीतला. सगळे वेगाच्या मागे असताना हा विलंबितात गेला, मागे कोरस उभा केला, आणि तेही गॅरेजचा स्टुडिओ करून. पुढे नॉर्वेच्या एन्स्लेव्ह्डसारखे बँड आले, ते वेगळं व्याख्यान.

एक मिनिट अजून. आपला बुधवार, इंग्रजीतला वेन्सडे, तो ओडिनचा वार; गुरुवार, म्हणजे थर्सडे, तो थोरचा, त्यांच्या हातोडावाल्या देवाचा. रोमन लोकांचे वार जर्मन टोळ्यांनी आपल्या देवांच्या नावांवर करून घेतले, ग्रह तेच. क्वॉर्थनच्या 1991 च्या अल्बममध्ये याच 'हॅमरहार्ट' नावाचं गाणं आहे आणि त्याची चाल होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराच्या 'ज्युपिटर'ची, म्हणजे गुरू ग्रहावरच्या रचनेची. थोरचा हातोडा आणि गुरूची चाल. त्याने ठरवून केलं का, कोण जाणे. मला मात्र हे कुठल्यातरी गुरुवारीच सुचलं.

राहिलं 'हॅमरहार्ट' अल्बममधलं 'वन रोड टू आसा बे'. आपल्याकडे पानिपतावर पोवाडे आहेत. हरलेल्या लढाईवरही शाहीर डफ उचलतो. इथे तर लढाईसुद्धा नाही. एक स्वार येतो, नव्या देवाची वार्ता सांगतो, आणि गाव निमूटपणे त्या देवाचं घर बांधायला लागतं. दहा मिनिटं. वायकिंग मेटलमधलं माझ्या मते सर्वांत सुंदर गाणं, आणि त्यात वायकिंग हरतो. यावर खरं तर अर्धा तास बोलायचा होता.

दुसरी चिठ्ठी आली. थांबतो. शेवटी पहिल्या गाण्याची चारच मिनिटं लावतोय. काकू, घाबरू नका, आवाज एकदम येणार नाही. आणि साऊंडवाले दादा, सुरुवातीला नुसतं सों-सों ऐकू येईल. वायर हलवू नका.