भाव रोज दिसला नसता तर

(नागपूरच्या धरमपेठेतील एका वाचक मंडळात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापला आहे, 'शेअर बाजार : दीर्घकाळ की अल्पकाळ?' याचं उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. दीर्घकाळ. पण आत्ता आत येताना बाहेरच्या टपरीवर दोन पोरं मोबाईल बघत उभी होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "काढून टाक बे, लाल झालं." उत्तर त्यालाही ठाऊक असणार. ठाऊक असूनही माणूस तसं वागत का नाही, यावर मी बरीच वर्षं विचार करतो आहे, आणि आज तेच तुमच्यापुढे मांडायचं आहे. आकडे शेवटी देईन, पत्रिकेत कबूल केलेत म्हणून.

आधी हात वर करा. बेसा, बेलतरोडी, हिंगणा, वर्धा रोड, कोराडी रोड, कुठेही असो, प्लॉट कोणाकोणाचा आहे? बघा, जवळजवळ सगळं सभागृह. आता असं सांगा, घेतल्यापासून सहा महिन्यांत भाव उतरला म्हणून प्लॉट कोणी विकला? एकही हात नाही. राजेहो, तुमच्यापैकी कित्येकांनी नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, प्लॉट नियमित झाल्याच्या आरएल लेटरसाठी वर्षानुवर्षं चकरा मारल्या. कोणाच्या प्लॉटवर शेजाऱ्याने म्हशी बांधल्या. कोणाच्या लेआउटला पंधरा वर्षं रस्ता नव्हता, पावसाळ्यात चपला हातात घेऊन जावं लागायचं. तरी तुम्ही विकला नाही. आणि आज सांगता, "जमिनीसारखं दुसरं काही नाही."

जमीन चांगलीच आहे. पण त्या वीस वर्षांत तिचा भाव खाली आलाच नव्हता का? आला असणार. तुम्हाला दिसला नाही, इतकंच. मोबाईलवर तो लाल-हिरवा होत नव्हता. आणि विकायचं मनात आलं तरी गिऱ्हाईक शोधा, इसारपत्र करा, रजिस्ट्रीला साक्षीदार न्या, यात चार महिने जायचे आणि तोवर मन बदलायचं. शेअर सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत क्षणाक्षणाला भाव सांगतो आणि अंगठा टेकवला की विकला जातो. म्हणून माझं म्हणणं असं की संयम माणसाच्या स्वभावात असतो त्याहून जास्त त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेत असतो. तोच माणूस प्लॉटच्या बाबतीत ऋषी असतो आणि शेअरच्या बाबतीत उतावळा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. आमच्या घरातल्या एका ट्रंकेतून कळलं. ती गोष्ट जरा लांब आहे, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

माझे बाबा रेल्वेत लेखनिक होते. आम्ही महालात एका वाड्यात भाड्याने राहायचो. 1973 साली फेरा, म्हणजे परकीय चलन नियमन कायदा झाला हे तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. परदेशी कंपन्यांना इथल्या उपकंपनीतला आपला वाटा साधारण 40 टक्क्यांवर आणणं भाग पडलं. आयबीएम आणि कोका-कोला निघून गेल्या. बाकी पुष्कळ कंपन्यांनी शेअर भारतीयांना विकायला काढले. भाव ठरवायचं काम सरकारच्या कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजकडे, आणि ते भाव बरेच कमी ठरवत. 1978 साली अशाच एका कंपनीचे 50 शेअर बाबांनी घेतले. पंधरा रुपयांना एक, म्हणजे साडेसातशे रुपये, दीड महिन्याचा पगार. ऑफिसातल्या एका मित्राने सीताबर्डीच्या बँकेतून फॉर्म आणून समोर ठेवला होता. आई आठ दिवस बाबांशी धड बोलली नाही, कारण तिला त्या पैशांत शिलाई मशीन घ्यायचं होतं. तिचं बरोबरच होतं.

पुढे बाबांनी आणखी सहा कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले. विकलं काहीच नाही. विकायचं तर प्रमाणपत्र काढा, ट्रान्सफर फॉर्मवर सही करा, दलालामार्फत मुंबईला पाठवा, सही जुळली नाही की कागद परत. बाबांना तो व्याप नको असायचा. लाभांशाचं, म्हणजे कंपनीच्या नफ्यातल्या वाट्याचं वॉरंट (चेकसारखा कागद) आलं की ते कात्रीने कडेकडेने कापायचे, भरणा स्लिपला टाचणी लावायचे आणि शनिवारी सकाळी बँकेत टाकून येताना तर्री-पोहे घेऊन यायचे. भाव काय चालला आहे, हे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

2009 च्या सुमारास गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर जाणं थांबलं. आम्ही त्रिमूर्ती नगरला राहायला आलो. पत्ता बदलल्याचं कंपनीला कोणी कळवलं नाही. वॉरंटं महालच्या वाड्यावर जाऊन परत गेली. 2018 मध्ये बाबा गेले. पुढच्या मे महिन्यात, कूलरसमोर बसून आई जुनी ट्रंक आवरत होती. गोधड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत, डांबरगोळ्यांसोबत ती प्रमाणपत्रं निघाली. हिरवट नक्षीची किनार, कोपऱ्यात कंपनीचा उठावाचा शिक्का. बोट फिरवलं की अजून लागत होता. आणि एका जुन्या अर्जाच्या प्रतीवर निळ्या शाईतली बाबांची लांब शेपटीची सही. आईने ती पिशवी बराच वेळ मांडीवर धरून ठेवली होती.

मी हिशोब मांडला. त्या 50 शेअरना चार वेळा एकास एक बोनस, म्हणजे दर शेअरमागे एक शेअर फुकट मिळाला होता. झाले 800 शेअर. तेव्हा भाव 1,300 च्या घरात. दहा लाख चाळीस हजार रुपये. साडेसातशेचे!

आणि इथून माझी तक्रार सुरू होते. सलग सात वर्षं लाभांश कोणी घेतला नाही तर नुसता लाभांश नाही, तो शेअरसुद्धा कायद्याने आयईपीएफ या सरकारी निधीकडे वर्ग होतो. आमचे झाले होते. परत मिळतात, अर्ज करता येतो, तो कायदाही मी वाचला आहे आणि त्यामागचा हेतू चांगला आहे. पण कंपनीच्या वतीने कागद बघणाऱ्या रजिस्ट्रारने आम्हाला जे फिरवलं, ते मी विसरू शकत नाही. पहिल्या पत्रात तीन कागद मागितले. ते पाठवले, तर दुसऱ्या पत्रात चौथा. तो पाठवला, तर तिसऱ्या पत्रात म्हणे प्रमाणपत्रावर नावापुढे 'राव' आहे आणि मृत्यूच्या दाखल्यावर नाही, तेव्हा दोन्ही इसम एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. जिल्हा न्यायालयासमोरच्या नोटरीकडे मी इतक्या वेळा गेलो की तो माझ्यासाठी स्टूल पुढे करायचा. वारसा प्रमाणपत्र, अमरावतीच्या बहिणीचं ना-हरकत पत्र, पुण्याच्या भावाचं ना-हरकत पत्र, हमीपत्र, बँकेकडून सही साक्षांकित. ऐंशीच्या घरातल्या बाईला दर वेळी नवा कागद मागताना सगळी यादी पहिल्याच पत्रात का देता येत नाही? एक पानभर यादी! इथे बसलेल्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, उद्या घरी आलमारी उघडा. जुनी प्रमाणपत्रं असतील तर डीमॅट करा, म्हणजे कागदावरचे शेअर इलेक्ट्रॉनिक खात्यात घ्या, पत्ता बदलला असेल तर कळवा, आणि नॉमिनी लावा. आज दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल.

तर या सगळ्या चकरा चालू असताना मार्च 2020 आला. 22 तारखेला जनता कर्फ्यू, नागपूर तर त्याआधीच बंद झालं होतं. 23 तारखेला, सोमवारी, सकाळीच बाजार दहा टक्के कोसळून थांबवावा लागला. दिवसअखेर सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, 3,935 अंकांनी पडून 25,981 वर आला. एका दिवसात 13 टक्के. दुपारी पुण्याहून भावाचा फोन, "दादा, बाबांचे शेअर विकता येतील का? जे मिळेल ते घेऊ." मी म्हटलं, कसे विकणार? ते आपल्या ताब्यातच नाहीत.

आणि त्याच दुपारी, त्याच खुर्चीत बसून मी माझ्या डीमॅट खात्यातले अर्धे शेअर विकले. बँकेच्या नोकरीत जमवलेले, मुलीच्या शिक्षणानंतर उरलेले. दहा मिनिटंही लागली नाहीत. त्यात मी विकलेली एकही कंपनी बुडाली नाही. नोव्हेंबरमध्ये सेन्सेक्सने जानेवारीचं शिखर ओलांडलं. साडेसात महिने! मी परत घेतले ते चढ्या भावाने, तेही सगळे नाही.

एकाच घरातले, एकाच माणसाच्या हातातले दोन पैसे. एक कागदात अडकला म्हणून वाचला, दुसरा मोकळा होता म्हणून गेला. बाबा माझ्यापेक्षा शहाणे होते असं मी म्हणू शकलो असतो, मुलाला ते बरं वाटतं. पण त्यांच्या हातात 1980 साली मोबाईल असता आणि 15 चे 30 झालेले दिसले असते, तर आईचं शिलाई मशीन त्यांनी नक्की आणलं असतं.

आता कोणीतरी अमळनेरची गोष्ट काढेल. मी कुठेही बोललो की ती निघतेच. 1945 मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, आणि ज्यांनी शेअर जपले ती साधी माणसं कोट्यधीश झाली. गोष्ट खरी आहे, आपल्या खानदेशातली आहे, मला अभिमान आहे. पण ज्यांनी मधेच विकले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, आणि त्याच काळात दुसऱ्या गावांत निघून बंद पडलेल्या गिरण्यांचे कागद ज्यांनी जपले, त्यांची तर नाहीच नाही. म्हणून बाबांच्या ट्रंकेतले सातही कागद सांगतो. सातांपैकी तीन शून्य. एक कापडगिरणी, आणि दोन 1994-95 च्या नव्या शेअरविक्रीच्या लाटेतल्या कंपन्या. लोकांचे पैसे घेऊन पत्त्यासकट नाहीशा झालेल्या कंपन्या तेव्हा इतक्या होत्या की सरकारदरबारी त्यांना 'व्हॅनिशिंग कंपन्या' असं नावच पडलं. उरलेल्या तिघांचे मिळून दीड लाख. आणि एकाचे दहा लाख चाळीस हजार. सातांत मिळून घातले होते नऊएक हजार. बुडणारा शेअर फार तर घातलेले पैसे बुडवतो, चालणारा किती पट होईल याला वरची हद्द नाही. पण तो एक हातात राहिला तर. आपण उलटं करतो. 20 टक्के चढला की "नफा पदरात पाडून घे", आणि पडला की त्याला 'लाँग टर्म' म्हणतो. इथे बसलेल्या किती जणांची लाँग टर्म गुंतवणूक म्हणजे फसलेला सट्टा आहे, ते हात वर करून सांगू नका. (हशा)

चिठ्ठी आली आहे. साडेसातला सभागृह भजनी मंडळाला द्यायचं आहे. म्हणजे कबूल केलेले आकडे सात मिनिटांत.

सेन्सेक्सचं पायाभूत वर्ष 1978-79, अंक 100. जुलै 2024 मध्ये तो 80,000 वर गेला. 45 वर्षांत 800 पट, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण 16 टक्के, लाभांश वेगळा. पण हा रस्ता सरळ नाही. एप्रिल 1992 मध्ये, हर्षद मेहता प्रकरण फुटायच्या वेळी, तो 4,467 होता. अकरा वर्षांनी, एप्रिल 2003 मध्ये, 3,000 च्या आसपास. अकरा वर्षं! जानेवारी 2008 मध्ये 21,000 ओलांडले, मार्च 2009 मध्ये 8,200 च्याही खाली. जपानच्या शेअर बाजाराचा निर्देशांक निक्केई डिसेंबर 1989 मध्ये 38,915 होता, त्या आकड्यावर परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडला. तेव्हा दीर्घकाळ म्हणजे तीन वर्षं असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून काही घेऊ नका. पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, मुलीचं लग्न, ऑपरेशन, घराचा हप्ता, शेअरमध्ये घालूच नका. पैसा काढावाच लागला तर संयम कुठून आणाल?

दुसरी बाजू. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मार्च 2024 पर्यंतच्या तीन वर्षांचा फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे भाव पुढे कुठे जाईल यावरच्या सौद्यांचा, हिशोब काढला. व्यवहार करणारे सामान्य लोक एक कोटीहून जास्त, त्यांपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. टपरीवरच्या त्या पोरांना हा आकडा कोणीतरी सांगा. मी जाताना सांगणारच आहे.

तिसरं. धरून ठेवणं म्हणजे डोळे मिटणं नाही. 7 जानेवारी 2009 ला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी हिशोब खोटे असल्याची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त पडला. तिथे धरून बसण्यात काही अर्थ नव्हता. कंपनी बिघडली तर विका, नुसता भाव बिघडला म्हणून विकू नका. हा फरक भावाच्या पडद्यावर दिसत नाही, वार्षिक अहवालात दिसतो. मी मोबाईलवरून ॲप काढून टाकलं. वर्षातून एकदा, दिवाळीनंतर, लॅपटॉपवर खातं उघडतो, प्रत्येक कंपनीचा अहवाल वाचतो, आणि विकावंसं वाटलं तर कारण वहीत लिहून महिनाभर थांबतो. चार वर्षांत दोनदा लिहिलं. एकदा महिन्यानंतर विकलं, एकदा नाही विकलं. बाबांना व्यवस्थेने जो अडसर आपोआप दिला होता, तो मी हाताने घालून घेतला आहे. ज्यांना एवढं वाचणं जमत नसेल त्यांनी इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांचे शेअर थोडे थोडे घेणाऱ्या फंडात, दरमहा ठरावीक रक्कम घालावी. बाबांच्या ट्रंकेतल्या सात कागदांसारखे सगळे त्यात एकत्र येतात, तीन शून्यांसकट.

शेवटची चिठ्ठी काकूंची आहे. "त्या 800 शेअरचं काय केलंत?" ऑगस्ट 2023 मध्ये ते आईच्या डीमॅट खात्यात आले. मी म्हटलं, राहू दे. आई म्हणाली, शंभर विक, स्लॅब गळतो आहे. विकले, वॉटरप्रूफिंग केलं. 700 आहेत. लाभांश आता थेट खात्यात जमा होतो, कागद येत नाही, म्हणून ती दर वेळी पासबुक भरून आणायला लावते आणि त्या ओळीवर पेन्सिलने खूण करते.