मारता येतं, पण पडल्यावर उठता येतं का?

नमस्कार मंडळी. बॉक्सिंग, कराटे, किकबॉक्सिंग, मुय थाई, तायक्वांदो, यातलं काहीतरी काही वर्षं मनापासून केलंय, ठोसे-लाथा अंगवळणी पडल्यात आणि आता ग्रॅपलिंग, म्हणजे पकडून-पाडून झुंजणं, शिकायचं डोक्यात घेतलंय, अशांसाठी आजचा व्हिडिओ आहे. या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सुरुवात कोणत्या डावापासून करू?" माझं उत्तर ऐकून निम्म्यांचा चेहरा पडतो. डावापासून सुरुवात करूच नका. हात मुरगळणं, गळा आवळणं, पाय अडकवणं, हे सगळं काही महिने बाजूला ठेवा. आधी दोन कामं. सहजासहजी पडायचं नाही, आणि पडलात तर उठायचं.

तुमचं हत्यार उभ्यानेच चालतं, म्हणून हे म्हणतोय. ठोशात जोर येतो तो जमिनीवर रोवलेल्या पायातून आणि कंबर वळण्यातून. पाठ टेकली की दोन्ही गेलं, उरला नुसता हात. मग खाली पडून राहायचं आणि समोरच्याशी त्याच्याच खेळात झुंजायचं, हे कशाला? त्याने दहा वर्षं जे केलं, ते तुम्ही दहा महिन्यांत त्याच्यापेक्षा चांगलं करणार नाही. पण तुम्हाला खाली ठेवणं त्याला जड जाईल, इतकं मात्र नक्की शिकू शकता.

एकाच खेळाडूच्या दोन लढती सांगतो. हॉली हॉल्म, मूळची बॉक्सिंगमधली जगज्जेती. नोव्हेंबर 2015 मध्ये मेलबर्नला तिच्यासमोर होती रोंडा राउझी, 2008 च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोचं कांस्य मिळवलेली आणि तोपर्यंत यूएफसीमध्ये, म्हणजे एमएमएच्या (ठोसे-लाथा आणि पकडी दोन्ही चालतात अशा लढतींच्या) सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, एकदाही न हरलेली. राउझी अंगावर धावून येत राहिली, हॉल्म बाजूला सरकत, मारत राहिली. पहिल्या राउंडमध्ये राउझीने खाली नेऊन हात पकडायचा प्रयत्नही केला. हॉल्म सुटली, उठली आणि पुन्हा आपल्या अंतरावर गेली. दुसऱ्या राउंडमध्ये डाव्या पायाची लाथ मानेवर बसली आणि विषय संपला.

आता मार्च 2016. समोर मिशा टेट, कुस्तीतून आलेली. हॉल्म गुणांवर पुढे, पाचवा म्हणजे शेवटचा राउंड चालू. टेटने तिला खाली आणलं, पाठीला चिकटली, हात गळ्याखाली सरकवला. हॉल्म तिला पाठीवर घेऊन उभी राहू पाहत होती, पुढे कोलांटीही मारली, पण टेट काही सुटली नाही. हॉल्मने टॅप केलं नाही, म्हणजे हाताने थोपटून हार मानली नाही. बेशुद्ध होता होता हवेत ठोसे मारत होती. अंगात होतं तेच शेवटपर्यंत बाहेर येत राहिलं, पण ठोसा लागायला समोर कुणी नव्हतंच. टेट मागे होती.

चार महिन्यांत दोन निकाल. पहिल्यात उठता आलं, दुसऱ्यात पाठ दिली गेली. जवळपास सगळा अभ्यासक्रम या दोन वाक्यांत आहे. आता एकेक करून बघू.

पहिलं, तुमचा उभा राहण्याचा पवित्रा. इथे तुमच्या चांगल्या सवयीच तुमच्यावर उलटतात. बॉक्सरचा पुढचा पाय वजनदार असतो, त्यावर भार देऊनच तो आत शिरतो. कराटेवाला आडवा उभा राहतो, त्यामुळे त्याचा पुढचा पाय समोरच्याच्या हाताशी अगदी आयता येतो. मुय थाईवाला ताठ, कंबर पुढे. या सगळ्यांना कुस्तीगीर बघतो तेव्हा त्याला चेहरा दिसत नाही, पाय दिसतात. 2010 मध्ये जेम्स टोनी हा बॉक्सिंगमधला मोठा खेळाडू मूळच्या कुस्तीगीर रँडी कूटूरसमोर एमएमएत उतरला होता. कूटूर कंबरेपर्यंतही वर राहिला नाही, थेट घोट्याकडे वाकला, टोनीचा पुढचा पाय धरला आणि त्याला आडवा केला. पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून लढत संपली. टोनी आयुष्यभर ठोसे चुकवायला शिकला होता, पण घोट्याच्या उंचीवरून हल्ला येतो हे त्याच्या खेळात कधी नव्हतंच.

म्हणून पवित्रा बदला असं मी म्हणत नाही. मुळापासून बदललात तर मारणंही बिघडेल. गुडघे जरा जास्त वाकवा, छाती समोर थोडी उघडा आणि अंतर अर्ध्या पावलाने वाढवा. पटात, म्हणजे पाय धरून पाडायला, शिरणारा माणूस ठोशाच्या टप्प्याबाहेरून उडी घेतो, त्यामुळे बॉक्सिंगमधलं सुरक्षित अंतर इथे सुरक्षित नसतं. आणि लाथ. पुढे एखादा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, न दाखवता मारलेली मधल्या उंचीची लाथ म्हणजे समोरच्याला आपला पाय हातात देणं. पुढे ठोसा, मागून लाथ, आणि पाय लगेच परत.

आता स्प्रॉल, म्हणजे कुणी पायांत शिरलं की पाय मागे टाकून त्याच्यावर वजन सोडणं. यावर जरा वेळ घालवू, कारण नव्वद टक्के लोक हा चुकीचा करतात. नव्वद हा आकडा मोजलेला नाही हां, बोलायची पद्धत.

(पार्टनर कॅमेऱ्यात येतो. कॅमेरा कंबरेच्या उंचीवर.)

ये रे. हळू शिर, दुहेरी पट काढ, दोन्ही पाय धर. थांब, तिथेच. हे बघा, लोक काय करतात: पाय मागे फेकतात, पण कंबर वरच राहते, अंगाची कमान होते. याचे हात माझ्या गुडघ्यांमागे आहेतच, आता तो फक्त पुढे चालला तरी मी पडतो. पाय मागे नेणं हे काम नाहीच. काम आहे कंबर खाली आणणं. माझ्या मांडीचा वरचा भाग, हे हाड, याच्या खांद्याच्या मागे टेकलं पाहिजे आणि माझं सगळं वजन तिथून त्याच्या मानेत उतरलं पाहिजे. दोन्ही कंबरा सारख्या नको, एक बाजू जास्त खाली दाबा, त्याचं डोकं ज्या बाजूला आहे ती. बघा, गुडघे टेकले ना त्याचे?

पण त्याच्याही आधी हात. हा भाग शिकवताना राहून जातो. तो शिरायला लागला त्या क्षणी माझा पुढचा हात त्याच्या कपाळावर किंवा गळपट्टीच्या हाडावर, कोपर बरगड्यांना चिकटलेलं. हाताने वेग मोडतो, कंबरेने शेवट होतो. नुसत्या कंबरेवर राहिलात तर उशीर होतो. आणि खाली दाबल्यावर तिथे रेंगाळू नका. बाहूचं हाड त्याच्या गालावरून फिरवून तोंड पलीकडे वळवा, बाजूने गोल फिरा, उठा, अंतर. तुम्ही त्याच्या पाठीवर जाऊन बसायला आलेला नाही आहात, परत मारायला आला आहात. थँक्यू, बस आता.

तुमच्याकडे इथे एक मोठी जमेची बाजू आहे, ती कुणी सांगत नाही. वेळ साधणं. पटात शिरण्याआधी समोरच्याची उंची बदलते, डोकं एक वीतभर खाली जातं. ज्याने वर्षानुवर्षं खांद्याच्या हालचालीवरून ठोसा ओळखलाय, त्याला हे ओळखायला वेळ लागत नाही. नजर ग्लोव्ह्जवरून काढून छातीवर आणा, एवढंच. मुय थाईवाल्यांचं तर क्लिंचमधलं, म्हणजे अंगाला अंग भिडल्यावरचं, मान धरणं आणि पाय उडवणं जवळजवळ जसंच्या तसं वापरात येतं, आणि कराटेतला पायाचा झाडू ज्युदोतल्या पायझाडूचा सख्खा भाऊ आहे. म्हणजे तुम्ही कोऱ्या पाटीने येत नाही आहात.

भिंतीशी अडकलात तर: पाय रुंद, एक हात त्याच्या काखेतून आत, डोकं त्याच्या हनुवटीखाली, दुसऱ्या हाताने त्याच्या मनगटाशी झगडा. त्याचे दोन्ही हात तुमच्या पायांमागे जुळले नाहीत तर तो अर्धा हरला. हे सरावाने येतं, बोलून नाही, म्हणून पुढे जातो.

आता पडलात. मारणाऱ्या माणसाच्या दोन उपजत प्रतिक्रिया असतात आणि दोन्ही घातक. पहिली, छातीवर बसलेल्याला दोन्ही हात ताठ करून वर ढकलणं. ताठ हात म्हणजे आर्मबारला, कोपर उलटं वाकवणाऱ्या डावाला, आमंत्रण. दुसरी, मार चुकवायला पोटावर वळणं. वळलात की पाठ दिली, आणि पाठ दिली की गळा. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास बेशुद्ध होतो. श्वास किती वेळ रोखता येतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग करायचं काय? हाताने ढकलायचं नाही, हाडाने अडवायचं. कोपर वाकलेलं, बाहू त्याच्या गळ्याशी किंवा कमरेशी आडवा टेकवलेला. तो हलत नाही ना? मग तुम्ही हला. टाच जमिनीत, कूस एका बाजूला, कंबर मागे सरकवा. झालेल्या फटीत गुडघा घाला. जागा मिळाली की उठायचं, पण उठायचीही रीत आहे. एक हात मागे जमिनीवर, दुसरा चेहऱ्यासमोर, विरुद्ध बाजूचा पाय रोवलेला, कंबर उचला आणि जमिनीवरचा पाय अंगाखालून थेट मागे काढा. डोळे समोरच्यावर. आधी गुडघ्यावर येऊन, खाली बघून उठाल तर चेहऱ्यावर गुडघा खाल.

जुलै 1997 मधली मॉरिस स्मिथ आणि मार्क कोलमनची लढत याच गोष्टीचा उत्तम नमुना आहे. स्मिथ किकबॉक्सर, कोलमन जबरदस्त कुस्तीगीर आणि यूएफसीचा हेवीवेट विजेता. कोलमनने खाली नेलं, वर बसला, मारलं. स्मिथने खालून कोणतीही करामत केली नाही. चिकटून राहिला, मार कमी लागू दिला, जमेल तेव्हा उठला. कोलमन दमला, हात खाली आले, आणि मग पायांवर लाथा बसायला लागल्या. पंचांच्या निर्णयाने स्मिथ जिंकला.

दमण्यावरून आठवलं. पहिल्या आठवड्यात तुमची हवा दोन मिनिटांत निघेल आणि तुम्हाला धक्का बसेल, कारण तुम्ही दहा राउंड बॅग मारणारे. ताकद कमी पडत नाही. ठोशात स्नायू क्षणभर आवळतो आणि सुटतो, पकडीत तो आवळलेलाच राहतो. बाहू दगड होतात. त्यात दम धरून ठेवायची सवय. श्वास सोडत राहा आणि प्रत्येक पकड जिवाच्या आकांताने धरू नका.

क्लास कोणता लावायचा? जवळ कुस्तीचा चांगला उस्ताद असेल तर माझं मत कुस्तीला, कारण तिथे पडणं हीच हार मानतात, सवयच तशी लागते. ज्युदो उत्तम, फक्त लक्षात ठेवा की स्पर्धेच्या ज्युदोत पाय धरण्यावर 2010 पासून निर्बंध आले आणि 2013 पासून पूर्ण बंदी झाली, त्यामुळे पट अडवण्याचा सराव तिथे आपोआप होत नाही. बीजेजे, म्हणजे ब्राझिलियन जिउ-जित्सू, शिका, खालून सुटायची विद्या तिथेच सगळ्यात बारकाईने शिकवतात. पण काही ठिकाणी राउंड सुरू झाला की दोघंही बुड टेकून बसतात. त्यांच्या खेळात ते बरोबरच आहे, तुमच्या कामाचं नाही. प्रशिक्षकांना सरळ सांगा, "सर, मला उभ्याने सुरुवात करायचीये आणि खाली गेलो की उठायचंय." बहुतेक जण आनंदाने मदत करतात.

आणि टॅप करायला लाजू नका. टाच पिळण्याच्या डावात तर दुखायच्या आधी गुडघ्याचे अस्थिबंध तुटू शकतात, तिथे पकड बसली की लगेच टॅप. अलेक्स परेरा किकबॉक्सिंगमधला कसला खेळाडू, पण 2015 मध्ये एमएमएच्या पहिल्याच लढतीत गळा आवळून हरला होता. पुढे यूएफसीचा माजी विजेता ग्लोव्हर तेशेरा याच्याबरोबर वर्षानुवर्षं मॅटवर घासला, आणि यूएफसीच्या दोन वजनगटांचा विजेता झाला. तरीही त्याच्या लढती बघा, तो जिंकतो ठोशांनीच.

सरावाचं वेळापत्रक असं ठेवा. आठवड्यातले दोन दिवस निव्वळ ग्रॅपलिंग, मारणं बंद. बाकी दिवस तुमचा जुना सराव, तो सोडू नका. ग्रॅपलिंगमध्ये पूर्ण राउंडपेक्षा तुकडे करा: दोन मिनिटं भिंतीशी, दोन मिनिटं कुणीतरी छातीवर बसलेलं, दोन मिनिटं पाठीवर. सुटलात, उभे राहिलात की जागेवर परत. काही महिन्यांनी छोटे ग्लोव्ह्ज घालून दोन्ही एकत्र करा, हलक्या हाताने: तुम्ही फक्त जॅब मारायचा, पार्टनरने फक्त पट काढायचा. नखं कापून या, मॅटवरून उतरलात की लगेच अंघोळ, कातडीवर गोल लाल चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत घरी बसा.

पुढच्या व्हिडिओत भिंतीशी मनगटाचा झगडा, पूर्ण तपशिलात. त्यासाठी पार्टनरला परत बोलावलंय, त्याला अजून माहीत नाही की यावेळी तो भिंतीच्या बाजूला असणार आहे.