दहा ठोके, एक आकडा

[दृश्य: पहाटेची धाव. छातीवर क्रमांक लावलेली माणसं.]

ही सगळी माणसं लिव्हरच्या आणि पोटाच्या आजारांसाठी पळतायत. प्रत्येकाच्या मागे शेजारी, ऑफिसातले, मामेभाऊ. तू अमुक किलोमीटर पळ, आम्ही तमुक देतो, असा रोखठोक व्यवहार. काहींच्या पाठीवर एकेक नाव लिहिलंय.

[दृश्य: देणगीचे डबे, पावतीपुस्तक.]

कॅन्सरसाठी डबा पुढे केला की लोक खिशात हात घालतात. लिव्हर म्हटलं की आधी विचारतात, ‘पीत होते का?’ हिपॅटायटिस, म्हणजे लिव्हरला येणारी सूज; त्यातले बी आणि सी हे प्रकार विषाणूंमुळे होतात. काही बाळं पित्तनलिका बंद झालेल्या अवस्थेत हाती येतात. आणि समजा, पीत होते. मग उपचार करायचे नाहीत? असो.

जमलेल्या निधीतून कुठे संशोधकाला शिष्यवृत्ती मिळते, कुठे हेल्पलाइनवरच्या नर्सचा पगार निघतो, कुठे एंडोस्कोपीचं यंत्र येतं. आमचा कॅमेरा मात्र या गाडीत होता.

[दृश्य: तपासणीची गाडी, आतून.]

यकृत बराच खराब होईपर्यंत फारसं दुखत नाही, म्हणून त्याला बाहेरून चाचपावं लागतं. तीन तास काही न खाता यायचं. उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांच्या मधल्या जागेत थंडगार जेल, त्यावर प्रोब, म्हणजे यंत्राचं अंगाला टेकवायचं टोक. आता ऐका.

[आवाज: टक्. टक्.]

टिचकी मारल्यासारखा हा ठोका. त्याची लहर यकृतातून जाते आणि अल्ट्रासाऊंड तिचा वेग मोजतो. यकृत जितकं कडक, तितकी लहर वेगात. असे किमान दहा ठोके नीट नोंदले की त्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढतात. तो किलोपास्कल या कडकपणाच्या मापात येतो. निरोगी यकृताचा साधारण सातच्या आत. सुई नाही, भूल नाही, दहाएक मिनिटांत माणूस शर्टाची बटणं लावतोय.

[दृश्य: बोटातून रक्ताचा थेंब.]

शेजारच्या खुर्चीत हिपॅटायटिस सीची चाचणी. हा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. आज 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात, फक्त आजार आहे हे कळायला हवं. यकृताच्या कडकपणाचा आकडा फार वर गेला, तर तज्ज्ञांकडे चिठ्ठी. काहींसाठी पुढे प्रत्यारोपणाची यादी.

[दृश्य: गाडीत डिझेल भरताना. मग पावतीपुस्तक जवळून.]

नव्या यंत्राची फीत कापायला देणगीदार हौसेने येतात. पण प्रोबचं ठरावीक काळाने कॅलिब्रेशन, म्हणजे माप अचूक येतंय ना याची तपासणी, करावं लागतं, गाडीला डिझेल लागतं, नर्सला दर महिन्याला पगार लागतो. यांच्या फिती कुणी कापत नाही. देणगी एकाच कामासाठी बांधून दिली, की ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत. तेव्हा पावतीवर ‘संस्थेच्या गरजेनुसार’ असा रकाना असेल, तर खूण तिथे करा.