उपचार कशावर, आणि कोणासाठी?

श्रोतेहो, नमस्कार. मुलासाठी वर्तनोपचार, म्हणजे सराव आणि बक्षिसं वापरून वागणं बदलण्याचे उपचार, सुचवले की आईवडील साहजिकच विचारतात, "यानं फरक पडेल ना?" माझी कळकळीची विनंती आहे, त्याआधी एवढं विचारा की फरक नेमका कशात पाडायचा आहे. उपचाराच्या आराखड्यातलं उद्दिष्टांचं पान मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा.

'वीस मिनिटं गप्प बसेल', 'हात हलवणार नाही', 'उठून जाणार नाही' अशाच ओळी असतील तर थांबा. ऑग्डेन लिंडस्ली या अमेरिकी वर्तनशास्त्रज्ञाची एक साधी कसोटी आहे: जे मेलेल्या माणसालाही जमतं, ते वर्तन नव्हे. गप्प बसणं त्यालाही जमतं. मग मूल शिकलं काय?

उपचार परिणामकारक आहे, एवढ्यानं तो योग्य ठरत नाही. 1974 साली रेकर्स आणि लोव्हास या मानसशास्त्रज्ञांनी एका लहान मुलाचं 'बायकी' वागणं बक्षीस-शिक्षेच्या पद्धतीनं कमी केल्याचं प्रसिद्ध केलं. आलेख पाहिले तर प्रयोग यशस्वी होता. पण त्या मुलाच्या वागण्यात बदलण्यासारखं होतं काय? ज्या नियतकालिकानं तो लेख छापला, त्यानंच 2020 मध्ये त्याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. तंत्राला दिशा कळत नाही, ती माणसांनीच ठरवायची असते.

आता डोकं भिंतीवर आपटणारं मूल घ्या. तिथे मात्र थांबवणं गरजेचंच आहे, इजा होते. तरीही 'आपटणं बंद' एवढंच उद्दिष्ट अपुरं आहे. मूल कशासाठी आपटतं? काम झेपत नाही म्हणून, की कोणी लक्ष द्यावं म्हणून? की आणखी काही, कदाचित कान दुखत असेल. ते डॉक्टरांनी आधी तपासायला हवं. कार आणि ड्युरांड या संशोधकांनी 1985 मध्ये दाखवलं, की त्याच कारणासाठी मदत किंवा लक्ष मागायला शिकवलं की मुलांचं त्रासदायक वागणं कमी होतं. 'आपटणं बंद' या ओळीऐवजी 'अवघड वाटलं की मदत मागेल' अशी ओळ असली की मुलाच्या हातात काहीतरी येतं.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या आराखड्यात 'नजरेला नजर देईल' हे बऱ्याचदा असतं. नजर भिडवताना त्रास होतो, असं कितीतरी स्वमग्न प्रौढ सांगतात. म्हणून थेरपिस्टला विचारा: हे जमल्यावर मुलाचा दिवस सोपा कसा होईल? 'इतरांसारखं दिसेल' असं उत्तर आलं, तर ती सोय बघणाऱ्यांची आहे.

मॉन्ट्रोझ वुल्फ या वर्तनशास्त्रज्ञानं 1978 सालीच मांडलं, की उद्दिष्टं मोलाची आहेत का, हे ज्यांच्यासाठी उपचार चालला आहे त्यांना विचारायला हवं. मूल बोलत नसेल तर ते कशापासून दूर पळतं, कशात रमतं, हे बघा. आणि त्या पानावर मुलानं 'नको' म्हणायला शिकावं असं एखादं उद्दिष्ट आहे का, तेही शोधा. शब्दानं, चित्रानं, हाताच्या खुणेनं, कसंही. नसेल तर आधी ते लिहून घ्यायला लावा.