मे महिन्यात बाई कारखान्यात

नमस्कार श्रोतेहो.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवीला गणित शिकवते. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कुणी ना कुणी यंत्रमागावर कामाला आहे. मी मात्र वीस वर्षांत टॉवेलच्या कारखान्याच्या आत पाऊल ठेवलं नव्हतं. गेल्या मे महिन्यात ओळखीच्या एका कारखानदारांना विचारलं, पंधरा दिवस बसू का? ते म्हणाले, "या की बाई. पण उकडेल, आधीच सांगतो."

पहिले दोन दिवस मी पाहुणी होते. खुर्ची, चहा, सगळ्यात नवा माग. शाळांच्या सहली एवढंच बघून परततात. तिसऱ्या दिवशी खुर्ची कुणीतरी उचलून नेली आणि मी कांड्या, म्हणजे आडव्या सुताची छोटी रिळं, भरणाऱ्या बायकांशेजारी जमिनीवर बसले. खरी सुरुवात तिथून झाली.

टॉवेलवरचे लूप कसे येतात हे मला दिसेना. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांना विचारलं. त्यांनी काही सांगितलं नाही. माग बंद केला आणि चाक हातानं सावकाश फिरवायला लागले. "बघा. काय दिसतंय ते तुम्हीच सांगा." तीनदा चुकले, तेव्हा कळलं. आडवे धागे ठोकून बसवणारी कंगव्यासारखी फणी असते. दोन आडवे धागे ती थोडे अलीकडेच सोडते. तिसरा आला की तिन्ही एकदम पुढे ठोकते. उभ्या धाग्यांत एक ताणा घट्ट असतो, दुसरा सैल. सैल ताण्याला जायला जागा उरत नाही, म्हणून तो फुगून वर येतो. झाला लूप. मी शिक्षिका असते तर पहिल्याच चुकीला उत्तर सांगून मोकळी झाले असते. म्हणजे, आहेच की शिक्षिका.

आता सुताचा नंबर. आठवीत व्यस्त चलन शिकवताना आम्ही काय सांगतो? मजूर वाढले की दिवस कमी. हे गणित मी कांडीवाल्या मावशींना सांगितलं, तर त्या पोट धरून हसल्या. एका मागावर चार माणसं उभी केली तर टॉवेल चौपट निघतात होय? उलट एकच माणूस दोन-चार माग सांभाळतो.

मग मावशींनी दोन सुतं माझ्या हातात दिली, एक १० नंबर, एक २० नंबर. जाड कुठलं? मी २० म्हणाले. चूक. ८४० वारांची एक लड, अशा किती लडी मिळून एक पौंड भरतो, तो सुताचा नंबर. १० नंबरच्या पौंडात ८,४०० वार सूत, २० नंबरच्या पौंडात १६,८००. नंबर दुप्पट, तर तेवढ्याच लांबीचं वजन निम्मं. व्यस्त चलन माझ्या चिमटीत होतं आणि मी वीस वर्षं मजूर मोजत होते.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत असं म्हटलंय. त्यातले बरेचसे तास पडद्यावरच्या स्लाइड बघण्यात जातात. थोडे कारखान्यात घालवायला मिळाले तर बरं. कारखाना फार गोड आहे असं नाही. खडखडाटानं संध्याकाळी कान बधिर व्हायचे, नाकात कापसाची बारीक लव जायची. वर्गात डुलक्या काढणाऱ्या मुलाला मी आता आधी विचारते, घरात माग आहे का, रात्री चालतो का.

जूनमध्ये दोन्ही सुतं वर्गात फिरवली. सांगितलं काहीच नाही, मामांसारखी थांबले. घरी तेलुगू बोलणारा, मागाला मग्गम म्हणणारा, एरवी खाली मान घालून बसणारा एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, पॉलिस्टरचं उलटं असतंय. नंबर वाढला की सूत जाड." मी म्हणाले, तू गोंधळतोयस, बस खाली.

शनिवारी मामांना विचारलं. मुलाचं बरोबर होतं. पॉलिस्टरचा नंबर डेनियरमध्ये, म्हणजे ९,००० मीटर सुताचं वजन किती ग्रॅम भरतं ते. वजन वाढलं की नंबर वाढतो. सरळसरळ सम चलन.

सोमवारी त्याला फळ्यापाशी बोलावलं, खडू त्याच्या हातात दिला आणि मी जाऊन त्याच्या बाकावर बसले.