टोमॅटोत चिमूटभर साखर

[दृश्य : उसाचा फड. कापलेल्या कांड्याचा रस एका छोट्या यंत्राच्या काचेवर पडतो.]

ऊस तोडायचा की आणखी थोडं थांबायचं, हे ठरवताना साखर कारखान्याच्या शेती खात्यातली माणसं दुर्बिणीसारखं दिसणारं हे यंत्र डोळ्याला लावतात. आत दिसणारा आकडा म्हणजे ब्रिक्स. रसात विरघळलेला ऐवज किती टक्के, ते त्यावरून कळतं, आणि उसाच्या रसात हा ऐवज बहुतेक साखरेचाच असतो. चांगल्या पक्व उसाला 18, 20, कधी 22 सुद्धा लागतो.

आता काच पुसून त्याच यंत्रावर मंडईतल्या टोमॅटोच्या रसाचा थेंब ठेवू. आकडा चार-पाचच्या आसपास थांबतो. तोही सगळा साखरेचा नाही, त्यात आम्लं आणि क्षारही आले. पण साखर आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, दोन्ही आहेत. जोडीला सायट्रिक आम्ल आहे, म्हणजे लिंबात असतं तेच. या गोड-आंबटाच्या ओढाताणीत आंबट वरचढ झालं की घरातला हात साखरेच्या डब्याकडे जातो.

[दृश्य : कोल्हापुरातलं स्वयंपाकघर. कोशिंबिरीचं पातेलं, शेजारी रश्श्याचं वाटण.]

कोल्हापुरात हा हात कुठे जातो आणि कुठे जात नाही, हे बघण्यासारखं आहे. टोमॅटोच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर आणि चिमूटभर साखर, याला कुणाची हरकत नसते. सारात गुळाचा खडा पडतो. पण तांबड्या रश्श्यात साखर घालू का म्हणून विचाराल, तर "पुण्याचं पावणं आलंय वाटतं" हे ऐकून घ्यायची तयारी ठेवा. पुणेकरांनी मनावर घेऊ नये. साखरेच्या जिल्ह्यात साखरेवरून एवढी टिंगल चालते, यातच गंमत आहे.

मात्र ही नुसती ऐट नाही. वाटणातला कांदा खरपूस भाजला की त्याचा उग्रपणा जातो, पाणी आटतं आणि त्याच्यातला गोडवा वर येतो. भाजलेलं सुकं खोबरं स्वतःची गोडी आणतं, शिवाय तेलही सोडतं. तीळ, खसखस त्यात भर घालतात. एवढ्या सगळ्यात दोन टोमॅटोंचा आंबटपणा बोचणार कसा? रश्श्यात गोड आधीच पडलेलं असतं, फक्त ते डब्यातून आलेलं नसतं. ज्या भाजीत कांदा-खोबरं नाही, नुसता टोमॅटो आणि फोडणी आहे, तिथे साखरेची आठवण होते. कोल्हापुरातसुद्धा.

[दृश्य : गॅसवर टोमॅटोचं सूप, बाजूला दुधाचं भांडं.]

साखर आंबटपणा मारते, असं आपण सहज बोलून जातो. ती मारत नाही. टोमॅटोत जेवढं आम्ल होतं तेवढंच राहतं, फक्त जिभेला ते कमी जाणवतं. खात्री करायची असेल तर एक साधा प्रयोग आहे. आंबट टोमॅटोचं सूप करा, चव अगदी गोडसर होईपर्यंत साखर घाला आणि मग उकळत्या सुपात थोडं दूध ओता. जीभ म्हणेल आंबट नाही, दूध मात्र फाटेल. दुधातली प्रथिनं आम्लाला दाद देतात, साखरेला नाही. पितळेच्या पातेल्याची कल्हई उडालेली असेल तर त्यात टोमॅटो शिजवू नये म्हणतात, तेही याच आम्लामुळे. साखर घातली म्हणून ते पातेलं चालणार नाही.

आम्ल खरोखर कमी करणारी वस्तू म्हणजे खाण्याचा सोडा. चिमूट टाकली की फेस येतो आणि आम्ल तेवढं कमी होतं. पण बोट जरा सैल सुटलं तर सार साबणासारखं लागतं. आमचं मत विचाराल तर सोड्याच्या नादी लागू नये.

मीठही विसरायला नको. बऱ्याचदा सार आंबट वाटतं ते मीठ कमी पडल्यामुळे. मीठ नेमकं असलं की टोमॅटोची स्वतःची गोडी पुढे येते. म्हणून आधी मीठ बघावं आणि साखरेचं मग ठरवावं.

[दृश्य : मार्केट यार्ड, भल्या पहाटे. क्रेट उतरताहेत.]

पण मुळात टोमॅटो एवढा आंबट का लागतो? उत्तर या क्रेटमध्ये आहे. लांबच्या बाजारात जाणारा टोमॅटो हिरवट, कडक असतानाच तोडतात, नाहीतर वाटेत त्याचा लगदा होईल. पुढे तो लाल होतो, मऊ होतो, पण फारसा गोड होत नाही. केळ्याचं तसं नाही. केळं कच्चं काढलं तरी त्याच्यात पिष्ट भरलेलं असतं आणि पिकताना त्याची साखर होते. टोमॅटोकडे ती शिल्लक नसते. त्याला साखर पुरवतं ते झाड, आणि देठ तुटला की पुरवठा संपला.

आणखी एक गोष्ट आहे. गावठी टोमॅटो देठापाशी हिरवा राहायचा, आठवतं? बाजाराला एकसारखा रंग हवा म्हणून तो हिरवेपणा नसलेले वाण पुढे आले. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या संशोधनानं दाखवलं, की या एकसारख्या रंगाच्या वाणांमध्ये एक जनुक निकामी झालेलं असतं, आणि तेच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवून साखर तयार व्हायला मदत करत असतं. म्हणजे फळ दिसायला देखणं झालं आणि चवीला उणं. हिरव्या खांद्याचा टोमॅटो मंडईत दिसला, तर डागी म्हणून बाजूला टाकू नका.

[दृश्य : गुऱ्हाळ. काहिलीतला रस, वाफ.]

साखर की गूळ, हा वाद कोल्हापुरात सुटणं कठीण. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, आणि आज कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही आहे. त्यामुळे सारात गूळच, असं म्हणणाऱ्यांचा आवाज इथे मोठा असणारच. चवीच्या दृष्टीनंही ते बरोबर आहे. गुळाला स्वतःचा वास आहे, किंचित खारट झाक आहे, आणि जिरं-तुपाच्या फोडणीशी ती जुळते. कोशिंबिरीत मात्र गूळ लवकर विरघळत नाही, रंगही गढूळ करतो. तिथे साखर बरी.

[दृश्य : दोन वाडग्यांत टोमॅटोच्या चकत्या. एकीवर साखर, दुसरीवर मीठ.]

चीनमध्ये उन्हाळ्यात पिकलेल्या टोमॅटोच्या चकत्यांवर नुसती साखर भुरभुरून खातात. कोरियातही ही सवय आहे. करून बघा, पण टोमॅटो झाडावर पिकलेला घ्या. थोड्या वेळानं चकत्यांना पाणी सुटतं, कारण साखर फोडींतलं पाणी बाहेर ओढते. मीठ तर वजनाला वजन धरलं तर साखरेपेक्षा जवळपास 12 पट जोरानं ओढतं. दुपारी केलेली कोशिंबीर रात्री पातळ होते ती याचमुळे. कूट, मीठ आणि साखर पानं घेताना घालावी. बिया काढून टाकल्या तर पाणी आणि आंबटपणा दोन्ही कमी होतात, पण टोमॅटोची खरी रुची त्या बियांभोवतीच्या गरातच जास्त असते. तो काढलाच, तर फेकू नका. गाळून आमटीत घाला, पण डाळ शिजल्यावर, नाहीतर आम्लामुळे डाळ बोटचेपी व्हायला वेळ लावेल.