अर्धचंद्राला कापड कशाला?

नमस्कार. आजचा विषय कळल्यावर आमच्या घरात हशा पिकला. "पडद्यांवर बोलणार तू? तासभर?" धाकट्यानं विचारलं. मी म्हटलं, अरे, पडदे कमानीच्या खिडकीचे आहेत, आणि खिडकी स्वयंपाकघरातली आहे. तास अपुरा पडेल. 26 वर्षं मी पुण्यात पडदे शिवून देते. चौकोनी खिडकी असेल तर गिऱ्हाईक फोनवर मापं सांगतं आणि काम होऊन जातं. कमान म्हटली की मी सांगते, काही विकत घेऊ नका, मी आधी येऊन बघते.

कमान आली कुठून, ते थोडक्यात सांगते, कारण पडद्याच्या दांडीसाठी भोक कुठे पाडायचं ते त्यावरच ठरतं. दगड आणि वीट दाब सोसतात, ताण सोसत नाहीत. खिडकीवर आडवा दगड ठेवला तर तो मधोमध तडकण्याची भीती. तेच तुकडे गोलाईत रचले की वरचं ओझं दोन्ही बाजूंच्या भिंतींत उतरतं. म्हणजे जुन्या घरातली कमान खरंच घर पेलत असते. पुढे सिमेंटचा लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, आली आणि कमान हौसेची झाली. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या बंगल्यांमध्ये बऱ्याचदा सरळ लिंटेलच्या खाली विटांचे तुकडे आणि गिलावा भरून गोलाई काढलेली असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. बोटांच्या पेरांनी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे दांडीचा खिळासुद्धा टिकणार नाही.

आता माझी फजिती ऐका. धंद्यात नवी होते तेव्हाची गोष्ट. चार फूट रुंद खिडकी, वर गोलाई. मी फक्त रुंदी मोजली. 48 इंच, म्हणजे अर्धवर्तुळाची उंची 24 इंच, असा शाळेतला हिशोब लावून वरच्या भागासाठी प्लायची चौकट कापून आणली. बसवायला गेलो तर डावीकडे चपखल, उजवीकडे अर्ध्या इंचाची फट. घरातल्या आजी खाली बसून भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, गवंडी डावरा होता आमचा." डावरा असो की उजवा, हातानं बांधलेली कोणतीही कमान दोन्ही बाजूंना सारखी नसते. तेव्हापासून मी मापाची वही नंतर उघडते. आधी वर्तमानपत्राची दोन पानं चिकटवायची, ती गोलाईत दाबून धरायची, कडेनं नखानं घडी पाडायची आणि त्या घडीवर कापायचं. कागदावर "डावी", "उजवी", "आतली बाजू" लिहून ठेवायचं. नाहीतर कारखान्यात कागद उलटा होतो आणि तीच फट यावेळी दुसऱ्या बाजूला निघते.

सगळ्या कमानी अर्धवर्तुळ नसतात, हेही लक्षात ठेवा. बरीच गोलाई चपटी असते. चार फूट रुंदी आणि मध्ये उंची फक्त एक फूट, अशी. ते वर्तुळ किती मोठं, हे काढायला रुंदीचा वर्ग करा, त्याला उंचीच्या आठपटीनं भागा आणि त्यात उंचीचा निम्मा मिळवा. 2304 भागिले 96 म्हणजे 24, अधिक 6, म्हणजे 30 इंचांची त्रिज्या. वाकवलेली दांडी करून घ्यायची असेल तर फॅब्रिकेटरला हा आकडा द्या. "थोडं गोल करा" असं सांगितलंत तर तो त्याच्या मनातलं गोल करून देतो.

आता मुद्द्यावर येते. गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न असतो, "वरच्या गोलाईत काय लावायचं?" माझं उत्तर एकच आहे: काही लावू नका. सरळ बाजू संपून वळण सुरू होतं त्या रेषेला आमच्या कारखान्यात आम्ही खांदा म्हणतो. दांडी खांद्यावर आणि पडदा खांद्याच्या खाली. वरचा अर्धचंद्र मोकळा. तिथून कुणी डोकावत नाही. खिडकीचा माथा सात-साडेसात फुटांवर असतो. शिवाय वरून येणारा उजेडच खोलीत सर्वांत आतपर्यंत पोचतो. तो झाकलात तर ओट्यावर दिवसाढवळ्या ट्यूब लागते, मग कमान बांधली कशासाठी?

तरी हौस असते. पंख्याच्या पात्यांसारख्या चुण्या एका बिंदूतून फाकलेल्या, अशी चित्रं तुम्ही मोबाईलवर पाहिली असतील. सुंदर दिसतं, मी कित्येकदा केलंय. पण हिशोब बघा. 48 इंचांच्या अर्धवर्तुळाची वरची कड साधारण 75 इंच भरते. चुण्या दिसायला हव्यात तर दुप्पट कापड, म्हणजे 150 इंच. ते सगळं खाली मधोमध एका टिचभर जागेत गोळा व्हायचं. जाड कापड घेतलं तर तिथे मुठीएवढा गठ्ठा होतो, म्हणून तर तिथे कापडी फूल लावायची पद्धत. दिवाणखान्यात हे चालून जाईल. स्वयंपाकघरात रोज फोडणी होते, आणि तेलाची वाफ वर जाऊन नेमकी याच चुण्यांत बसते. सहा महिन्यांनी बोट फिरवलं की चिकट पिवळं येतं. धुवायला काढायचं तर स्टूल, पक्कड आणि नवऱ्याचा रविवार लागतो. आणि आपल्याकडे एक्झॉस्ट फॅन बहुतेक वेळा त्याच अर्धचंद्रात बसवलेला असतो. त्याच्यासमोर चुण्या कुठून आणायच्या?

गोलाईबरोबर वाकवलेल्या दांडीबद्दलही विचारतात. त्यात अडचण साधी आहे. उतारावर रिंगा सरकत नाहीत, घसरतात. असा पडदा वर पक्का शिवावा लागतो आणि दिवसा बाजूला बांधून ठेवावा लागतो. ओट्याजवळ कापडाचे असे दोन बोचके लोंबणं मला बघवत नाही.

चौथा मार्ग कमानीच्याही वर आडवी दांडी लावून सरळ चौकोनी पडदा सोडण्याचा. यात कमान झाकते, पण पडदा सारला की पूर्ण दिसते, बशर्ते दोन्ही बाजूंना दहा-बारा इंच मोकळी भिंत असेल. आपल्या स्वयंपाकघरांत तिथे कपाटं असतात. तेव्हा हे बहुतेकांच्या कामाचं नाही.

गोव्यात एकदा एका जुन्या घरी गेले होते, कामासाठी नव्हे, लग्नाला. तिथल्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपले होते. चपटे, पातळ, कडा कापून जवळजवळ चौकोनी केलेले आणि लाकडाच्या बारीक पट्ट्यांत सरकवलेले. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळातली ही युक्ती. सकाळी आठ वाजता त्यातून जो उजेड आत येत होता तो ताकाच्या रंगाचा होता. बाहेरचं काही दिसत नव्हतं, आतलं सगळं दिसत होतं, आणि पडदा नावाला नव्हता. मी वऱ्हाडात न बसता त्या खिडकीपाशीच उभी राहिले. परत आल्यावर ज्यांना वरची गोलाई झाकायचीच असते त्यांना मी काचेवर दुधी फिल्म सुचवायला लागले. वर्तमानपत्राचा तोच कागद ठेवून ब्लेडनं कापायची, साबणाच्या पाण्यावर बसवायची. ओल्या फडक्यानं पुसली की झालं.

झाकायची गरज दोनदाच पडते. समोर उंच इमारत झाली असेल तेव्हा, आणि खिडकी पश्चिमेला असेल तेव्हा. दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच घाबरतात. पुण्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो आपण. मधल्या काळात तर भर दुपारी तो उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जाही पुरतो. डिसेंबरात सूर्य दुपारी जेमतेम 48 अंश चढतो आणि ऊन आत येतं, पण तेव्हा ते हवंच असतं. पश्चिमेचं प्रकरण वेगळं. चार-पाच वाजता सूर्य खाली येऊन छज्जाखालून सरळ डोळ्यांत घुसतो. तिथे खांद्याखाली रोलर, म्हणजे वर गुंडाळला जाणारा पडदा, किंवा बांबूची चिक लावा आणि वर फिल्म. चिकेच्या काड्यांत तेल बसतं, तेव्हा ती शेगडीपासून लांबच्या खिडकीला. आणि रोलरची दोरी लोंबती सोडू नका. घरात रांगतं मूल असेल तर दोरीचा फास हा खरा धोका आहे. भिंतीला खुंटी मारून दोरी वर गुंडाळा.

कापडाबद्दल माझा आग्रह सुतीचा. ते पेटतं, हे मला माहीत आहे. पण नायलॉनची जाळी पेटते तेव्हा वितळून टपकते आणि कातडीला चिकटते. पेटू नये याला उपाय एकच: शेगडीच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांत कापड नको. खिडकी शेगडीच्या डोक्यावर असेल तर पडदाच नको. वाऱ्यानं पडदा ज्योतीवर यायला एक झुळूक पुरते. तिथे फिल्म लावा, नाहीतर पुसता येणारं, ॲल्युमिनियमच्या आडव्या पट्ट्यांचं व्हेनेशियन. सुती कापड शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढा, नाहीतर पहिल्या धुण्यात पडदा दोन इंच आखडतो आणि परकरासारखा वर जातो. चुण्यांसाठी रुंदीच्या दीडपट कापड भरपूर झालं. दिवाणखान्यासारखं अडीचपट घ्याल तर तेवढं जास्त तेल.

दांडी. दुकानदार स्टीलची म्हणून दाखवतो, लोहचुंबक लावतो, चुंबक चिकटत नाही, आपण खूश. पण 304 नंबरच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही तसा 202 लाही चिकटत नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, म्हणून ते स्वस्त. पुण्यात वाफेजवळ ते काही वर्षं काढेल. रत्नागिरीत किंवा पणजीत खाऱ्या हवेत त्यावर तांबूस ठिपके लवकर उठतात. तेव्हा चुंबकावर विसंबू नका, बिलावर नंबर लिहून घ्या. ब्रॅकेट आणि स्क्रूही त्याच धातूचे मागा. दांडी चकचकीत आणि स्क्रू गंजलेला, हे मी घरोघरी बघते.

बसवायचं कुठे? सागवानी चौकट असेल तर भिंतीला हात लावूच नका. चौकटीत स्क्रू मारा, लाकूड धरून ठेवतं. भिंतीला लावायचीच तर लिंटेलमध्ये सळीला ड्रिल अडतं, अडलं की जबरदस्ती न करता एक इंच सरका. चुन्याच्या जुन्या भिंतीत स्क्रूसाठी गिट्टी ठोकताना भुकटी येत राहिली तर तिथे थांबा. आणि ओझं पेलणाऱ्या कमानीच्या माथ्यावरच्या कळीच्या दगडाला भोक पाडायचं नाही, काहीही झालं तरी. भाड्याच्या घरात स्प्रिंगची दांडी बरी, दोन्ही बाजूंना दाबून बसते. फक्त ती खांद्याच्या दोन बोटं खाली लावा. वळणावर टेकवली तर आज रात्री नाही तर उद्या सकाळी आमटीत. माझ्या स्वतःच्या घरी पडली आहे. आमटी गेली, पडदाही गेला.

खिडकीची दारं आत उघडतात की बाहेर, हे बघायला लोक विसरतात. आत उघडत असतील तर चौकटीतली दांडी आणि दार यांची रोज भांडणं. तिथे दांडी प्रत्येक दाराच्याच फळीवर, वर एक आणि खाली एक, मध्ये कापड ताणून.

शेवटी ओटा. तो दोन फूट खोल असतो. त्याच्यावरून वाकून हात खिडकीपर्यंत न्यायचा, तोही मधे कुकर असताना. मापं घेताना मी घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला ओट्यापाशी उभं करते. त्या माणसाचा हात जिथे सहज पोचतो तिथे पडदा हातानं सरकला पाहिजे. पुष्कळदा मग खांद्यावरची दांडीही उंच ठरते आणि आम्ही खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाला पडदा करतो. समोरच्या गॅलरीतून दिसणं त्यानंही थांबतं.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: सासूबाईंची सुती नऊवारी आहे, पडदे होतील का? होतील, आणि छान होतील. नऊ वार म्हणजे 324 इंच. चार फुटी खिडकीला दीडपट म्हणजे 72 इंच लागतात. साडेचार खिडक्या निघतात एका लुगड्यात. लुगडं आडवं धरा, म्हणजे पन्हा उभा येतो आणि काठ आपोआप खाली येतो, खालची शिवण वाचते. वरचा काठ कापून त्याचे बंद करा. आधी उन्हात धरून बघा, घडीवर विरलं असेल तर तेवढा भाग सोडा. पदर मात्र कापू नका, तो साडेचारातल्या त्या अर्ध्यात येईल असा हिशोब धरा आणि ठेवून द्या.